वजनकाट्यावर न दिसणारी झीज

गोंदियाकडून आलेले पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ नागपुरातल्या एका रुग्णालयात लिव्हरच्या आजारासाठी दाखल झाले होते. केसपेपरवर वजन ५८ किलो लिहिले होते आणि मुलाने पिशवीतून काढलेल्या सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावरही ५८ किलोच होते. पोट घट्ट फुगलेले, पायांवर सूज आणि बाहीतून बाहेर आलेले दंड मात्र मनगटाएवढे. मी टेप काढत असताना मुलगा म्हणाला, "बाबाजीचं वजन तर तेवढंच हाय जी मॅडम, मग हात काहून असे काड्यासारखे झाले?" आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला जे प्रश्न ऐकावे लागतात, त्यांतला हा सर्वांत नेमका प्रश्न म्हणता येईल, कारण रुग्णाचे पोषण शरीराच्या मापांवरून ओळखण्याच्या शास्त्रातली मुख्य अडचण त्याने एका वाक्यात सांगितली होती.

या शास्त्राला मराठीत शरीरमापन म्हणतात. त्याला लागणारे साहित्य फार थोडे आहे: वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, न ताणणारा टेप आणि जमल्यास त्वचेची घडी मोजण्याचा चिमटा. रक्त काढावे लागत नाही, खर्च जवळजवळ नाही आणि गडचिरोलीच्या उपकेंद्रातही तेच करता येते जे नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांत करता येते. मात्र साधन सोपे आहे म्हणून अर्थ लावणेही सोपे आहे असे समजण्याची चूक फार सर्रास होते. वजन ही हाडे, स्नायू, चरबी, अवयव आणि पाणी या सर्वांची एकत्र बेरीज असते; काटा बेरीज दाखवतो, त्यातला कोणता आकडा वाढला आणि कोणता घटला हे तो सांगत नाही. त्या गृहस्थांच्या शरीरातून सहा महिन्यांत कित्येक किलो स्नायू गेले होते आणि तेवढ्याच वजनाचे पाणी पोटात आणि पायांत साठले होते, म्हणून बेरीज जागची हलली नव्हती.

वजन घेण्यातली पहिली अट सातत्याची आहे. तोच काटा, तीच वेळ, शक्यतो सकाळी लघवी झाल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, चप्पल काढून, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या बाजूला ठेवून, अंगावर तितकेच कपडे. हे सगळे बारकावे पाळले जातातच असे नाही. मी काम केलेल्या एका ठिकाणी बाह्यरुग्ण विभागातला काटा आणि वॉर्डातला काटा यांत दीड किलोचा फरक होता, आणि तो लक्षात येईपर्यंत दाखल होणारा प्रत्येक रुग्ण एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाताना कागदोपत्री दीड किलोने रोडावत होता. नागपूरच्या मे महिन्याचा हिशेबही धरावा लागतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बसने चार तास प्रवास करून आलेल्या माणसाचे दुपारचे वजन आणि सलाइन लावल्यानंतरचे दुसऱ्या दिवशी सकाळचे वजन यांत एक-दोन किलोचा फरक पडला, तर तो पोषणाचा नसून पाण्याचा असतो. एका दिवसात दीड किलो मांस किंवा चरबी कोणाच्याही अंगावर चढत नाही, हे एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी अर्ध्या चुका टळतात.

नुसते वजन कमी की जास्त हे उंचीशिवाय ठरत नाही, म्हणून दोन्हींचा मेळ घालणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, वापरला जातो. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. हे गुणोत्तर १८३२ मध्ये बेल्जियमचे अ‍ॅडॉल्फ केटले यांनी मांडले. ते खगोल आणि सांख्यिकीचे अभ्यासक होते, वैद्य नव्हते, आणि त्यांना एकेका रुग्णाची प्रकृती तपासायची नव्हती, तर लोकसमूहातल्या 'सरासरी माणसा'चे वर्णन करायचे होते. त्याला आजचे नाव अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. समूहासाठी तयार झालेले हे माप आपण आज खाटेवरच्या एका माणसाला लावतो, हे विसरले की गोंधळ सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने १८.५ पेक्षा कमी म्हणजे वजन अपुरे, २५ च्या वर म्हणजे जास्त आणि ३० च्या वर म्हणजे लठ्ठपणा. भारतीयांसाठी मात्र २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा अशी खालची रेषा धरण्याची शिफारस भारतीय तज्ज्ञांनी केली आहे, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात.

याचे एक गमतीदार आणि तितकेच गंभीर उदाहरण पुण्याचे आहे. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांचे छायाचित्र आणि हे आकडे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दिसायला सडपातळ, पण आतून चरबीचा वाटा मोठा, ही भारतीय शरीराची ठेवण त्या दोन आकड्यांत जशी दिसते तशी लांबलचक व्याख्यानातही दिसत नाही. म्हणूनच मधुमेहाचा धोका बघायचा असेल तर बीएमआयच्या जोडीला कंबरेचा घेर घेतात. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे. पँटचा नंबर म्हणजे कंबरेचा घेर नव्हे, कारण बहुतेक पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात.

दवाखान्यात आलेल्या आजारी माणसाच्या बाबतीत मात्र माझ्या मते बीएमआयपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: वजन किती आहे यापेक्षा किती दिवसांत किती उतरले? समजा, इतवारीतल्या एका व्यापाऱ्याची उंची १६० सेंटिमीटर आहे आणि वजन ६४ किलो होते. त्याचा बीएमआय बरोबर २५ येतो. अन्ननलिकेत गाठ झाली, गिळणे अवघड झाले आणि पाच महिन्यांत वजन ५७ वर आले. आता बीएमआय २२.३, म्हणजे तक्त्यानुसार तो 'लठ्ठ' गटातून 'उत्तम' गटात आला; तक्त्याकडेच बघणारा माणूस त्याचे अभिनंदन करील. प्रत्यक्षात त्याने शरीराचा जवळपास ११ टक्के भाग गमावला आहे. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक किंवा एका महिन्यात ५ टक्क्यांहून अधिक वजन न ठरवता उतरणे ही कुपोषणाची धोक्याची खूण मानली जाते, आणि अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर जखम न भरण्याचा आणि संसर्गाचा धोका वाढतो. जाड माणूस कुपोषित असू शकत नाही, हा समज नातेवाइकांत आहे तसा, खेदाने सांगायचे तर, आमच्या क्षेत्रातही आहे.

अडचण अशी की जुने वजन बहुतेकांना ठाऊक नसते. अशा वेळी मी कागद मागते: जुना डिस्चार्ज कार्ड, रक्तदान शिबिराची चिठ्ठी, विम्याच्या तपासणीचा अहवाल. तेही नसेल तर शरीरावरच्या वस्तू बोलतात. एका रुग्णाच्या पट्ट्याला कारखान्यातली तीन भोके संपल्यानंतर खिळ्याने पाडलेली आणखी दोन वेडीवाकडी भोके होती. त्याने 'वजन फारसं कमी नाही' असे सांगितले होते, पण पट्ट्याचे म्हणणे वेगळे होते. मनगटावरून कोपरापर्यंत घसरणाऱ्या बांगड्या, दोरा गुंडाळून घट्ट केलेली अंगठी, अचानक सैल झालेली कवळी, ब्लाउजला घातलेल्या नव्या टिपा, हे सगळे आकडे नसले तरी पुरावे आहेत.

उंचीकडे आता येते. उभे राहू शकणाऱ्या माणसाची उंची भिंतीला टाचा, कुल्ले आणि पाठ टेकवून, नजर समोर ठेवून, म्हणजे कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत आणून घ्यायची असते. पण वॉर्डातले अनेक रुग्ण उभेच राहू शकत नाहीत. कोणाला पक्षाघात आहे, कोणाच्या मांडीचे हाड मोडले आहे, कोणाच्या पाठीला बाक आला आहे. 'आईची उंची किती?' असे विचारले की 'असेल पाच फूट' हे उत्तर ठरलेले, आणि ती उंची बहुधा लग्नाच्या वेळची असते. उंचीतली चूक वर्गात जाऊन मोठी होते. ५२ किलोच्या बाईंची उंची १६० धरली तर बीएमआय २०.३ येतो आणि खरी उंची १५५ असेल तर २१.६.

यावर तोडगा म्हणजे शरीराच्या अशा हाडांची लांबी मोजायची जी वयाने झिजत नाहीत आणि वाकत नाहीत. गुडघ्याची उंची हे त्यांतले सर्वांत उपयोगी माप. रुग्ण पाठीवर झोपलेला असताना गुडघा आणि घोटा काटकोनात वाकवायचा आणि टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या वरपर्यंत, मांडीच्या पुढच्या भागावर, अंतर घ्यायचे. वृद्ध स्त्रियांसाठीचे सूत्र असे: ८४.८८ मधून वयाचा ०.२४ पट वजा करायचा आणि गुडघ्याच्या उंचीचा १.८३ पट मिळवायचा. बहात्तर वर्षांच्या आजींच्या गुडघ्याची उंची ४५ सेंटिमीटर भरली, तर उंची सुमारे १५० सेंटिमीटर येते. वृद्ध पुरुषांसाठी ६४.१९ मधून वयाचा ०.०४ पट वजा आणि गुडघ्याच्या उंचीचा २.०२ पट अधिक. ही सूत्रे १९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या वृद्धांवरून तयार झाली आहेत, त्यामुळे आपल्याकडे त्यांत काही सेंटिमीटरची चूक गृहीत धरावी. तरी अंदाजपंचे सांगितलेल्या पाच फुटांपेक्षा ती चूक लहान असते. कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड किंवा पसरलेल्या हातांचा विस्तारही याच कामासाठी मोजतात. पाय कापावा लागलेल्या मधुमेही रुग्णाचा हिशेब आणखी वेगळा: गुडघ्याखालचा पाय म्हणजे शरीराच्या वजनाचा सुमारे ५.९ टक्के भाग, तेव्हा आजच्या ५० किलोंना ०.९४१ ने भागून ५३.१ किलो हे वजन बीएमआयसाठी धरायचे.

आता दंडाकडे, कारण मला विचाराल तर पोषणाची खरी वही दंडावर लिहिलेली असते. खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्यातला मध्यबिंदू शोधायचा. त्यासाठी हात कोपरात काटकोनात वाकवावा लागतो. मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप गुंडाळायचा, त्वचेला लागलेला पण तिला न दाबणारा. मी पेनने लहानशी खूण करते, कारण पुढच्या आठवड्यात एक सेंटिमीटर वर किंवा खाली मोजले गेले तर रुग्णाची सुधारणा नव्हे, तर माझ्या हाताची चूक मोजली जाईल. टेपही महत्त्वाचा आहे. शिंप्याचा जुना कापडी टेप वर्षानुवर्षे ओढला जाऊन लांब होतो आणि मग तो प्रत्येकाला थोडे बारीक दाखवतो. डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शिरेचा शस्त्रक्रियेने जोड, केलेला हात, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजलेला हात आणि लुळा पडलेला हात या मापासाठी घेऊ नयेत.

दंडाचा घेर नेमके काय सांगतो, हे समजावताना मी संत्र्याचा आधार घेते, आणि नागपुरात हे उदाहरण कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बाजारात दोन संत्री सारख्याच आकाराची दिसतात, पण एक हातात घेताच साल पोकळ आणि आत गर थोडा असल्याचे कळते, तर दुसऱ्याची साल पातळ आणि फोडी भरलेल्या असतात. दंडाचा बाहेरचा घेर म्हणजे अख्ख्या संत्र्याचा घेर. चरबी ही साल आणि स्नायू हा गर. साल किती जाड आहे हे कळल्याशिवाय गराचा अंदाज येत नाही. म्हणून दंडाच्या मागच्या बाजूला, त्याच मध्यबिंदूवर, त्वचा आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरून उचलायची, स्नायू सोडून द्यायचा, आणि ठरावीक दाबाच्या चिमट्याने त्या घडीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची. हा दाब जगभर एका चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम असा ठरलेला आहे, नाहीतर जोरात दाबणाऱ्याच्या हाती सगळेच रुग्ण सडपातळ निघाले असते.

घडीत त्वचेचे दोन पदर येतात, म्हणजे एका बाजूच्या सालीची जाडी घडीच्या निम्मी. वर्तुळाची त्रिज्या तेवढ्याने कमी झाली की घेर घडीच्या ३.१४ पटीने कमी होतो, म्हणून सूत्र अगदी सुटसुटीत आहे: दंडघेरातून घडीचा ३.१४ पट वजा केला की स्नायूचा घेर मिळतो. एका रुग्णाचा दंडघेर २७ सेंटिमीटर आणि घडी २५ मिलिमीटर, म्हणजे २.५ सेंटिमीटर, स्नायूघेर १९.१५ सेंटिमीटर. शेजारच्या खाटेवरच्याचा दंडघेर २५ आणि घडी ८ मिलिमीटर. स्नायूघेर जवळपास २२.५. ज्याचा दंड बारीक दिसतो त्याच्या दंडात स्नायू जास्त आहे. घडी मोजणे हे सवयीचे काम आहे आणि दोन माणसांच्या मापांत फरक पडतोच, म्हणून एकाच व्यक्तीने तीनदा मोजून सरासरी घ्यावी आणि शक्यतो पुढेही त्याच व्यक्तीने मोजावे. वृद्धांत याच कारणासाठी पोटरीचा घेरही घेतात; आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी पोटरी असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी असे सुचवले आहे. अर्थात पायाला सूज असेल तर पोटरीचा आकडा फसवा.

लहान मुलांच्या बाबतीत हाच दंड जीव वाचवतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात निरोगी मुलाचा दंडघेर फारसा बदलत नाही, कारण बाळाची गुबगुबीत चरबी कमी होत असताना स्नायू वाढत असतो. त्यामुळे वय नीट माहीत नसलेल्या मुलालाही एकच मर्यादा लावता येते. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ज्याला अंगणवाडी ताई 'सॅम' म्हणतात, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम, म्हणजे 'मॅम'. टेपवर हे पट्टे लाल, पिवळा आणि हिरवा असे रंगवलेले असतात. १२.५ सेंटिमीटर म्हणजे किती, याची कल्पना यायला टेबल टेनिसचा चेंडू हातात घ्यावा: त्याचा व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे घेर जवळपास १२.५ सेंटिमीटर. वर्षाच्या वरच्या मुलाचा दंड त्या चेंडूपेक्षा बारीक असेल तर त्याला तपासायला न्यायलाच हवे. पूर्वी तीव्र कुपोषणाची मर्यादा ११ सेंटिमीटर होती; जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये ती ११.५ केली.

मुलांत उंची आणि वजन यांची सांगड तीन प्रकारे घालतात आणि प्रत्येक जोडी वेगळी गोष्ट सांगते. वयाच्या मानाने उंची कमी म्हणजे खुरटलेपण. ती अनेक महिन्यांची, कधी गर्भातल्या दिवसांपासूनची कहाणी असते. उंचीच्या मानाने वजन कमी म्हणजे रोडावणे. ते अलीकडचे, एखाद्या जुलाबाच्या साथीनेही येऊ शकते आणि उपचाराने लवकर भरून निघते. वयाच्या मानाने वजन कमी हे दोन्हींचे मिश्रण आहे. तुलना २००६ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मापदंडाशी करतात, ज्यासाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपल्या दिल्लीतली मुले मोजली गेली होती. नीट पोषण मिळाले तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुले जवळपास सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले. तेव्हा 'आमच्या घराण्यातच सगळे बुटके' हे कारण पुढे करण्याआधी दोनदा विचार करावा. खुरटलेले किंवा रोडावलेले ठरवण्याची रेषा मापदंडाच्या सरासरीपेक्षा बरीच खाली आहे, शास्त्राच्या भाषेत उणे दोन प्रमाण विचलनांवर; निरोगी मुलांच्या समूहात तिच्याखाली शंभरांत जेमतेम दोन-तीन मुले असायला हवीत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ३५.२ टक्के मुले खुरटलेली आणि २५.६ टक्के मुले रोडावलेली आढळली. मेळघाटाचे नाव घेऊन हा विषय बाजूला ठेवण्याची आपल्याला सवय आहे, पण हे आकडे एकट्या मेळघाटाने येत नाहीत.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. दोन वर्षांखालचे मूल आडवे झोपवून मोजतात आणि त्यापुढचे उभे करून. त्याच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, तेव्हा पद्धत बदलली तर तेवढी दुरुस्ती करावी लागते. दुसरा त्याहून महत्त्वाचा: दोन्ही पायांच्या पाठीवर अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहत असेल, तर वजन आणि दंड काहीही सांगोत, ते मूल तीव्र कुपोषित धरायचे. सुजेचे पाणी वजनात मिसळून आकडा सुधारलेला दिसतो, आणि 'बाळ भरलंय जरा' असे आजी समाधानाने म्हणत असतात.

क्षयरोगात या मापांना विशेष वजन आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना अन्नधान्य देऊन केलेला मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो. क्षयरुग्णांना आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पाचशे रुपये २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झाले आहेत, पण त्या हजारातून तुरीची डाळ, शेंगदाणे आणि अंडी घरात आली का, हे बँकेच्या खात्यावर कळत नाही. ते महिन्याकाठी काट्यावरच कळते. म्हणून गोळ्या घ्यायला आलेल्या प्रत्येक रुग्णाचे वजन त्याच्या कार्डावर लिहिले गेले पाहिजे, आणि ती चौकट मला अनेकदा रिकामी दिसते.

रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन हे पोषणाचे माप आहे, असे अजूनही बऱ्याच ठिकाणी मानले जाते. ते संसर्ग, शरीरातला दाह, लिव्हर आणि किडनीचे आजार यांनीही खाली जाते, तर महिनोन् महिने उपाशी राहिलेल्या, पण संसर्ग नसलेल्या माणसात ते बरेच दिवस ठीक राहू शकते. दंड तसा फसवत नाही. गल्लोगल्ली जिममध्ये आलेली चरबी मोजणारी यंत्रे अंगातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून पाण्यावरून अंदाज बांधतात, त्यामुळे निरोगी माणसाला त्यांचा थोडाफार उपयोग आहे, पण सूज असलेल्या रुग्णाला जवळजवळ नाही.

मापांचा उपयोग केवळ नोंदीसाठी नसतो. पहिल्या दिवशी ताटात किती वाढायचे हेही त्यांवरून ठरते. बीएमआय १६ पेक्षा कमी असेल, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक वजन गेले असेल किंवा दहा दिवसांहून अधिक काळ पोटात जवळजवळ काही नसेल, तर अशा माणसाला एकदम भरपूर खायला घालणे धोक्याचे असते. उपाशी शरीरात साखर अचानक आली की फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत खेचले जातात आणि हृदयाची लय बिघडू शकते. डबा घेऊन आलेल्या नातेवाइकांना 'आज अर्धी वाटीच द्या' असे सांगणे हे माझ्या कामातले सर्वांत अप्रिय काम आहे, कारण त्यांना ती कंजुषी वाटते.

गोंदियाच्या त्या गृहस्थांची उंची १६५ सेंटिमीटर होती. काट्यावरच्या ५८ किलोवरून बीएमआय २१.३ आला, म्हणजे कागदावर ते निरोगी. पोटात पाणी खूप असेल तर वजनातून १५ टक्के आणि पायांवर सूज असेल तर आणखी ५ टक्के वजा करण्याची रीत आहे. तसे केल्यावर वजन ४६ किलोंच्या आसपास आणि बीएमआय १७ आला. दंडघेर २०.५ सेंटिमीटर. डॉक्टरांनी पोटातले पाणी काढले, मीठ कमी केले आणि आम्ही दिवसभरातली जेवणे लहान करून संख्येने वाढवली. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायचेच असा नियमही घातला, कारण अशा लिव्हरमध्ये रात्रभर पुरेल इतकी साखर साठत नाही आणि पहाटेपर्यंत शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर काळजी होती. काट्यावर ४९ किलो आले होते. "नऊ किलो उतरलं जी," तो हळूच म्हणाला. मी बाबाजींना हात कोपरात वाकवायला सांगितले, मध्यबिंदूवर खूण केली, हात सैल सोडायला लावून टेप गुंडाळला आणि आकडा त्यालाच वाचायला सांगितला. एकवीस पूर्णांक सहा.